लूव्रमधलं नवसाचं चित्र: दोन नन्स, एक खुर्ची आणि देव कुठेच नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पॅरिसला लूव्र बघताना दोन नन्सचं एक मोठं, करडं, शांत चित्र दिसलं, पाटीवर 'एक्स-व्होटो' आणि १६६२ साल, गाईड म्हणाला हे बरोक काळातलं, म्हणजे युरोपात साधारण सतराव्या शतकात जी थाटामाटाची, नाट्यमय कला होती त्या काळातलं, नवसाचं चित्र. पण यात मेरी नाही, देवदूत नाहीत, ढग नाहीत, कुणी उठून चालतही नाहीये, मग चमत्कार कुठला आणि नवस कुठला? आणि ख्रिश्चनांत नवस असतो का मुळात?

मी जुनी तैलचित्रं आणि चर्चमधल्या लाकडी मूर्ती दुरुस्त करायचं काम करतो, कन्झर्वेशन म्हणतात त्याला, आणि नवसाच्या वस्तू या कामात सारख्या हाताखालून जातात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. कॅथलिकांत नवस असतो, भरपूर असतो, आणि तो बघायला पॅरिसला जायची गरज नाही. बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरात गेलात तर रस्त्याच्या कडेला मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवंय तो घर वाहतो. आणि तिथे येणाऱ्यांत निम्मे लोक ख्रिश्चन नसतात हे मुंबईकरांना सांगायला नको. युरोपात हेच शतकानुशतकं चालत आलंय, फक्त तिथे मेणाबरोबर चांदीचे अवयव, बरं झाल्यावर टाकून दिलेल्या कुबड्या, बुडता बुडता वाचलेल्या जहाजांची छोटी मॉडेल्स आणि चित्रं हे सगळं देवळात टांगलं जातं.

यातली चित्रं म्हणजे बहुतेक वेळा लाकडी फळीवर काढलेली छोटी, स्वस्तातली चित्रं. नेपल्सजवळ मादोन्ना देल आर्को नावाचं तीर्थस्थान आहे, तिथे अशा हजारो फळ्या आहेत. काढणारे चित्रकार बिननावाचे, फळ्यांना खिळ्याची भोकं, वर मेणबत्त्यांच्या काजळीचा थर. पण मांडणी मात्र इतकी ठरलेली असते की दहा बघितल्या की अकरावी तुम्ही स्वतः काढाल. खाली संकट: पलंगावर आजारी माणूस, किंवा माळ्यावरून पडणारा गवंडी, किंवा उधळलेला घोडा. वरच्या कोपऱ्यात ढग फाटलेला आणि त्यात मेरी किंवा एखादा संत. आणि कुठेतरी एक पट्टी, तिच्यावर कुणाला काय झालं, कधी झालं आणि कृपा मिळाली म्हणून हे वाहिलं असा मजकूर. संकट, संत, मजकूर. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण लूव्रमधलं चित्र समजायची किल्ली तीच आहे.

आता तुमचं चित्र. चित्रकार फिलीप द शाँपेन्य, जन्म ब्रसेल्सचा, १६०२ सालचा, विशीच्या आत पॅरिसला आला आणि तिथेच राहिला. हा कुणी कोपऱ्यातला साधूसंत चित्रकार नव्हता हे आधी डोक्यात ठेवा. राजमाता मारी द मेदिची आणि नंतर राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशलिए ही याची गिऱ्हाइकं. रिशलिएची ती प्रसिद्ध उभी पोर्ट्रेट्स, ज्यात लाल रेशमाचा झगा जमिनीवर धबधब्यासारखा पसरलेला असतो, ती याचीच. लंडनच्या नॅशनल गॅलरीत एकाच कॅनव्हासवर रिशलिएचे तीन चेहरे आहेत, तेही याचं. १६४८ला फ्रान्सची चित्रकारांची राजमान्य अकादमी निघाली तेव्हा संस्थापकांत हा होता. म्हणजे दरबारी थाट, रेशीम, सोनं, देवदूत, हे सगळं त्याच्या डाव्या हातचा मळ होतं.

घरचं मात्र एकेक करून गेलं. बायको १६३८ला वारली, मुलगा १६४२ला पडून वारला. राहिल्या दोन मुली, त्यांना त्याने १६४८ला पोर-रॉयाल नावाच्या मठात शिकायला ठेवलं. त्यातली एक १६५५ला वारली. उरली एकटी कातरीन, तिने १६५७ला तिथेच कायमची दीक्षा घेतली, नाव झालं सिस्टर कातरीन द सेंत-स्यूझान. आणि १६६०च्या शरदात ती आजारी पडली. ताप, वेदना आणि मग उजवी बाजू गेली, चालता येईना. वय चोवीस.

चौदा महिने हे चाललं. डॉक्टरांचे उपाय झाले, प्रार्थना झाल्या, काही फरक नाही. मग मठातल्या ज्येष्ठ नन मेर (म्हणजे मदर) आन्येस आर्नो, वय ६८, यांनी तिच्यासाठी नोव्हेना सुरू केली. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. माहीमच्या चर्चची बुधवारची नोव्हेना माहितीये ना, त्याच परंपरेतली, तिथे नऊ बुधवार असतात आणि इथे सलग नऊ दिवस होते. नववा दिवस आला ६ जानेवारी १६६२ला, म्हणजे तीन राजांच्या सणाला. त्या दिवशीही काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मेर आन्येस मुलीशेजारी प्रार्थना करत असताना त्यांच्या मनात एकदम खात्री उमटली की ही बरी होणार. दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, कातरीन उठली आणि चालली. तिच्या बापाने त्याच वर्षी हे चित्र काढून मठाला दिलं.

आता चित्राकडे परत या, मी सावकाश सांगतो, फोनवर फोटो उघडून ठेवा आणि ब्राइटनेस वाढवा.

साधारण १६५ बाय २२९ सेंटीमीटर, म्हणजे आकृत्या जवळजवळ माणसाएवढ्या. उघडी करडी भिंत. उजवीकडे कातरीन खुर्चीत मागे टेकून बसलीये, पाय पुढे स्टुलावर पसरलेले, खाली उशी. मांडीवर पवित्र अवशेषांची छोटी पेटी. हात जोडलेले. तिच्या पलीकडे मेर आन्येस गुडघ्यावर, हात जोडलेले. एका साध्या गवती बैठकीच्या खुर्चीवर प्रार्थनेचं पुस्तक. भिंतीवर लाकडी क्रूस. डावीकडे वर भिंतीवरच लिहिल्यासारखा लॅटिन मजकूर. संपलं सामान.

रंग बघा. भिंत करडी, झगे फिकट लोकरीचे, बुरखे काळे, आणि या सगळ्यात दोन भडक लाल क्रूस, दोघींच्या छातीवर एकेक. हा त्या मठाचा युनिफॉर्म, १६४७पासून त्यांनी पांढऱ्या पट्ट्यावर लाल क्रूस घ्यायला सुरुवात केली. ज्या माणसाने रिशलिएसाठी अख्खा लाल महासागर रंगवला त्याने इथे लाल रंग जणू चमच्याने मोजून वापरलाय, आणि म्हणून नजर दुसरीकडे जातच नाही, एका क्रूसावरून दुसऱ्या क्रूसावर जाते आणि तिथेच फिरत राहते. हे योगायोगाने होत नाही हो, दोन सारख्या वजनाचे रंगाचे ठिपके कुठे ठेवायचे हे आधी ठरवल्याशिवाय अशी चित्रं बनत नाहीत.

आणि मग ती तिरीप. दोघींच्या मधे वरून उतरणारा एक मऊ उजेडाचा पट्टा आहे. खिडकी दिसत नाही, उगम दिसत नाही. मोबाईलवरच्या फोटोत आणि स्वस्त पोस्टकार्डात हा पट्टा बऱ्याचदा गायबच होतो, आणि मग लोक म्हणतात की चित्रात काहीच घडत नाही. प्रत्यक्ष उभं राहून बघितलं तर खोलीतला साधा उजेड वेगळा आणि हा वेगळा हे कळतं. जास्त प्रखर नाही, सोनेरी नाही, कुणावर स्पॉटलाइटसारखा मारलेला नाही.

आता ती तीन गोष्टींची किल्ली लावा. संकट: आजारी बाई, आहे. मजकूर: आहे. वरच्या कोपऱ्यातला ढगातला संत: पुसून टाकलाय, त्याच्या जागी फक्त उजेड ठेवलाय. म्हणजे शाँपेन्यने गावठी नवसाच्या फळीचाच साचा घेतला, ती फळी दोन मीटरची केली आणि तिच्यातून तेवढा एक भाग काढून टाकला. तुम्हाला जे चुकल्यासारखं वाटलं ना, देव कुठे आहे म्हणून, ते वाटणं अगदी रास्त आहे.

कोणता क्षण रंगवलाय हेही बघा. चालणारी कातरीन रंगवली असती तर किती सोपं होतं, टाकलेली कुबडी, उंचावलेले हात, धावत आलेल्या नन्स. त्याऐवजी तिचे पाय अजून स्टुलावरच आहेत. बहुतेक अभ्यासक हे ६ तारखेच्या संध्याकाळचं दृश्य मानतात, जेव्हा बाहेर काहीही बदललेलं नाही आणि फक्त आत खात्री आलीये, आणि मलाही तेच पटतं. कुणाचं तोंड उघडं नाही, कुणी छातीवर हात मारून घेत नाही. माझ्या मते हे युरोपातल्या नवसाच्या चित्रांमधलं सगळ्यात धाडसी पाऊल आहे, चमत्कार व्हायच्या आधी थांबायचं आणि तरीही त्याला चमत्काराचं चित्र म्हणायचं.

भिंतीवरचा मजकूर लोक वाचत नाहीत, लॅटिन असल्यामुळे, पण अर्धं उत्तर तिथेच आहे. सुरुवातीला समर्पण: 'आत्म्यांचा आणि शरीरांचा एकमेव वैद्य, ख्रिस्त याला'. मेरीला नाही, कुठल्या संताला नाही, थेट ख्रिस्ताला, आणि वर 'एकमेव'. मग सांगितलंय की सिस्टर कातरीनला चौदा महिन्यांचा ताप होता, त्याच्या चिवटपणाने आणि लक्षणांच्या जोराने डॉक्टर घाबरले होते, जवळजवळ अर्धं शरीर हलत नव्हतं, शरीराची ताकद संपत आली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, मेर कातरीन-आन्येस, म्हणजे आपल्या मेर आन्येस, यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि एका क्षणात ती पूर्ण बरी झाली, आणि ती आता स्वतःला पुन्हा अर्पण करत आहे. शेवटी: फिलीप द शाँपेन्यने एवढ्या मोठ्या चमत्काराचं आणि आपल्या आनंदाचं साक्षीदार म्हणून हे चित्र इथे ठेवलं, साल १६६२.

नवसाचा हिशोब इथे कसा फिरवलाय बघा. आपल्या डोक्यात नवस म्हणजे बोलायचा आणि फेडायचा, तू हे दे मी ते वाहीन, आणि काम झालं की नारळापासून चांदीच्या पाळण्यापर्यंत जे कबूल केलं असेल ते नेऊन द्यायचं. इथे अर्पण काय झालंय? चित्र नव्हे. मजकुरात अर्पण झालेली वस्तू म्हणजे ती मुलगी स्वतः, जी पाच वर्षांपूर्वी दीक्षा घेताना एकदा दिली गेली होतीच, ती पुन्हा एकदा. चित्राला मजकूर 'साक्षीदार' म्हणतो. बापाने काही कबूल केलं होतं आणि आता तो फेडतोय असं एकही अक्षर नाही. झाल्याबद्दल आनंद आहे, पण सौदा नाही.

सौदा का नाही, यासाठी त्या मठात काय शिकवलं जायचं ते थोडं सांगावं लागेल, आणि इथून पुढे जरा धर्मशास्त्र येणार आहे, कंटाळू नका, मी जमेल तेवढं आटोपतो.

पोर-रॉयाल हा नन्सचा जुना मठ, पॅरिसच्या बाहेर एका दमट दरीत, नंतर पॅरिसमध्येही एक घर. १६०९ला तिथल्या तरुण प्रमुख मेर आंजेलिक आर्नो, म्हणजे आपल्या मेर आन्येसची थोरली बहीण, हिने मठात सक्त शिस्त आणली आणि स्वतःचा बाप भेटायला आला तेव्हा दार उघडायला नकार दिला, जाळीच्या खिडकीतून बोलली. बाप संतापला, आरडाओरडा केला, ही चक्कर येऊन पडली, पण दार उघडलं नाही. अशा घराण्यातल्या बाया. पुढे याच मठाभोवती एक विचार जमला ज्याला विरोधक जान्सेनवाद म्हणायला लागले, इप्रचे बिशप कॉर्नेलियस जान्सेन यांच्या नावावरून, त्यांचा संत ऑगस्टिनवरचा जाडजूड लॅटिन ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४०ला छापला गेला.

मुद्दा कृपेचा होता. माणूस आपल्या प्रयत्नाने, पुण्याने, वाहिलेल्या मेणबत्त्यांनी देवाची कृपा ओढून आणू शकतो का? जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक मोठा संघ, त्यांचं म्हणणं साधारण असं, की देव सगळ्यांना पुरेशी कृपा देतो, तिला होकार द्यायचा की नाही हे माणसाच्या हातात आहे, त्याच्या इच्छेला किंमत आहे. पोर-रॉयालवाले म्हणायचे की माणूस पार मोडलेला आहे, कृपा देवाकडून येते, त्याला हवी तेव्हा, हवी त्याला, आणि ती आली की तीच काम करते, तुमच्या खात्यात काही जमा असल्यामुळे ती येत नाही. आता असं मानणाऱ्या मठात तुम्ही 'तू मुलगी बरी कर मी दोन मीटरचं चित्र देतो' असं चित्रात दाखवूच शकत नाही. आपल्याकडे संतांनीही नवस करणाऱ्यांना चांगलंच झापलंय, त्यामुळे मराठी माणसाला हा वाद अगदीच परका वाटू नये. म्हणून उजेड कुणी मागून घेतल्यासारखा उतरत नाही, तो आलाय इतकंच. आणि ढगातली मेरी नसण्याचं कारणही यातच आहे असं मला वाटतं. ते लोक मेरीला आणि संतांना मानत नव्हते असं अजिबात नाही, ते कॅथलिक होते, अवशेषांची पेटी तर मुलीच्या मांडीवरच आहे. पण मध्यस्थ पुढे आला की देवाणघेवाण आली, आणि ती त्यांना इथे नको होती.

एवढंच असतं तर हे एका धार्मिक बापाचं खासगी चित्र झालं असतं. पण तारीख बघा, जानेवारी १६६२. मठावर तेव्हा आभाळ कोसळलेलं होतं. जान्सेनच्या ग्रंथातली म्हणून सांगितलेली पाच विधानं पोपने १६५३ला पाखंडी ठरवली होती. मग एक प्रतिज्ञापत्र तयार झालं, की ही पाच विधानं पाखंडी आहेत आणि ती जान्सेनच्या पुस्तकात आहेत असं आम्ही मान्य करतो, खाली सही. १६६१ला तरुण चौदाव्या लुईने सत्ता हातात घेतली आणि सह्या गोळा करायला सुरुवात झाली, पाद्री तर सोडाच, नन्सकडूनही. नन्सचं म्हणणं मला आजही फार आवडतं: विधानं चूक आहेत असं पोप म्हणतात तर चूक, मान्य, पण ती त्या पुस्तकात आहेत की नाहीत हे आम्ही कसं शपथेवर सांगणार, आम्ही ते लॅटिन पुस्तक वाचलेलंच नाही. वकिलाच्या घराण्यातल्या बाया होत्या, हे लक्षात येतंच. त्या वसंतात सरकारने मठातल्या विद्यार्थिनींना आणि दीक्षा न झालेल्या मुलींना बाहेर काढलं, धर्मगुरूंना हाकललं. ऑगस्टमध्ये मेर आंजेलिक वारल्या. ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध गणिती आणि विचारवंत ब्लेझ पास्कलची बहीण जॅकलीन, जी तिथेच नन होती, सही करावी लागली त्या तगमगीत गेली, निदान तिचे लोक तसंच मानत होते.

आणि या मठाला चमत्काराचा पूर्वानुभव होता. २४ मार्च १६५६ला पास्कलची छोटी भाची, मठातली विद्यार्थिनी, डोळ्याजवळच्या वाहत्या नासूराने आजारी होती, तिच्या डोळ्याला ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून पुजला जाणारा काटा लावला आणि नासूर बरा झाला. पॅरिसभर चर्चा, डॉक्टरांच्या जबान्या, चर्चची अधिकृत मान्यता, आणि मठावरचा सरकारी दबाव काही काळ सैल पडला. विरोधक तुम्हाला पाखंडी म्हणत असताना देव तुमच्याच घरी चमत्कार करतो, याला उत्तर काय देणार? तेव्हा १६६२ला, जेव्हा पुन्हा सगळी दारं बंद होत होती, एक अर्धांगाची मुलगी उठून चालते, आणि देशातला नामांकित चित्रकार त्याची साक्ष रंगवून ठेवतो, हे नुसतं बापाचं प्रेम राहत नाही. प्रेम तर आहेच, मजकुरात 'आपल्या आनंदाचं' हे शब्द आहेत आणि त्या सगळ्या लॅटिनमध्ये तेवढाच एक बाप बोलतो. पण 'साक्षीदार' हा कोर्टातला शब्द आहे आणि तो तिथे उगाच आलेला नाही.

या ठिकाणी कॅथलिक चर्चचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर चित्र इतकं जपून का बोलतं ते कळणार नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने डिसेंबर १५६३मध्ये, शेवटच्या सत्रात, चित्रं आणि मूर्तींबद्दल ठराव केला. प्रोटेस्टंट लोक मूर्ती फोडत होते, त्याला उत्तर म्हणून चर्चने सांगितलं की प्रतिमा ठेवा, मान ठेवा, पण तो मान लाकडाला किंवा रंगाला नसून ज्याची प्रतिमा आहे त्याला पोचतो. आणि त्याच ठरावात असंही होतं की नवीन चमत्कार बिशपने तपासून मान्य केल्याशिवाय स्वीकारायचे नाहीत, आणि वेगळ्या धाटणीची प्रतिमा बिशपच्या परवानगीशिवाय लावायची नाही. आता आधीच संशयाखाली असलेल्या मठात, नवा चमत्कार, नवीन चित्र. शाँपेन्यने असं काही रंगवलेलंच नाही की ज्यावर कुणी बोट ठेवेल. आकाश फाटलेलं नाही, दृष्टांत नाही. दोन बाया प्रार्थना करताहेत आणि उजेड पडलाय, काय आक्षेप घेणार घ्या. हा सावधपणा आणि ती श्रद्धा, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळालेत, कुठलं कुठे संपतं ते वेगळं काढता येत नाही आणि काढूही नये.

आता मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट. याच चित्रकाराने चोवीस वर्षांपूर्वी एक दुसरं नवसाचं चित्र काढलं होतं. तेराव्या लुईला लग्नाला वीसेक वर्षं उलटून मूल नव्हतं, स्पेनशी युद्ध चालू होतं, आणि फेब्रुवारी १६३८मध्ये त्याने आपलं राज्य मेरीच्या संरक्षणाखाली देत असल्याचं जाहीर केलं. राणी तेव्हा गरोदर होती आणि अख्खा देश मुलाची वाट बघत होता. त्या राजाच्या व्रताचं चित्र पॅरिसच्या नोत्र-दामसाठी शाँपेन्यने काढलं, आज ते काँ शहराच्या म्युझियममध्ये आहे. त्यात सगळं आहे: क्रूसाखाली मांडीवर मेलेला ख्रिस्त घेऊन बसलेली मेरी, देवदूत, आणि समोर गुडघ्यावर राजा, अंगावर निळा राजझगा, हातातला मुकुट आणि राजदंड पुढे करून देतोय. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, तिन्ही चित्रात समोरासमोर.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. हात तोच, कसब तेच. पहिल्यात राजा मुकुट देतो, दुसऱ्यात देण्यासारखं काही हातातच नाही, चारही हात रिकामे, जोडलेले. मधल्या काळात माणूस बायको, मुलगा, मुलगी गमावून बसला होता आणि पोर-रॉयालच्या जवळ गेला होता. म्हणून कुणी म्हणालं की त्याला साधं काढायचीच सवय होती किंवा म्हातारपणी हात आखडला, तर विश्वास ठेवू नका, त्याला काय गाळायचं ते पक्कं माहीत होतं.

आणि त्या १६३८च्या सप्टेंबरात जन्मलेला मुलगा कोण, तर चौदावा लुई. म्हणजे ज्या राजपुत्राच्या जन्माशी लोकांनी ते राजाचं व्रत जोडलं, त्यानेच पुढे हा मठ संपवला. ऑगस्ट १६६४मध्ये पॅरिसचा आर्चबिशप पेरेफिक्स शिपाई घेऊन आला आणि सही न करणाऱ्या बारा नन्सना उचलून वेगवेगळ्या मठांत पाठवलं, चित्रातल्या मेर आन्येसही त्यांत होत्या, वय सत्तर. 'देवदूतांसारख्या निर्मळ आणि सैतानासारख्या गर्विष्ठ' हे या बायांबद्दलचं वाक्य त्याच्याच नावावर सांगतात. १६६९ला तडजोड झाली, काही वर्षं शांततेची गेली. मेर आन्येस १६७१ला, शाँपेन्य १६७४ला वारला. कातरीन १६८६पर्यंत जगली. शेवटी १७०९ला उरलेल्या म्हाताऱ्या नन्सना दरीतल्या मठातून हलवलं, १७११पासून इमारती पाडायला घेतल्या, कबरीसुद्धा उकरल्या. चांदीच्या नवसाच्या वस्तू अशा वेळी वितळवल्या जातात, मेणाच्या तर आधीच गेलेल्या असतात. चित्र वितळवता येत नाही म्हणून ते राहिलं, आणि क्रांतीच्या काळात सरकारजमा होऊन लूव्रमध्ये आलं.

बरोक म्हणायचं का मग याला? काळाच्या दृष्टीने हो, आणि गाईडवर चिडू नका. पण बरोक म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते हे नाही. रोममध्ये बेर्निनी या शिल्पकाराचं संत तेरेसाचं शिल्प या चित्राच्या दहाच वर्षं आधी पूर्ण झालं, तिथेही वरून उजेड येतो, पण लपवलेल्या खिडकीतून खरा उजेड सोनेरी धातूच्या सळ्यांवर पडतो, तेरेसा मागे कोसळलीये, तोंड उघडं, बाजूच्या गॅलरीत संगमरवरी प्रेक्षक बसवलेत. सार्वजनिक नवसाच्या चित्रांचा थाट बघायचा असेल तर बोलोन्याचं गीदो रेनीचं प्लेगचं चित्र बघा, १६३०च्या साथीत शहराने केलेल्या नवसाचं, कापडी कॅनव्हासऐवजी रेशमावर काढलेलं, कारण ते मिरवणुकीत झेंड्यासारखं न्यायचं होतं. वर मेरी आणि बाळ, मधे शहराचे रक्षक संत गुडघ्यावर, खाली मनोऱ्यांचं बोलोन्या. त्या संतांमध्ये एक आपल्या ओळखीचे आहेत, जेझुइट असलेले फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये आहे. १६२२ला ते संत म्हणून जाहीर झाले आणि आठच वर्षांत इटलीतलं एक शहर प्लेगपासून वाचायला त्यांना साकडं घालतंय, जेझुइटांचा पसारा किती होता ते यावरून कळतं. पोर-रॉयालचे कट्टर विरोधक तेच जेझुइट. तेव्हा बेर्निनी, रेनी आणि शाँपेन्य तिघेही ट्रेंटनंतरच्या एकाच चर्चचे, पण त्या चर्चमध्ये एकाच वेळी किती वेगवेगळी माणसं राहत होती हे या तीन कामांवरून दिसतं. कॅथलिक कला म्हणजे सोनं आणि भपका, प्रोटेस्टंट म्हणजे कोरी भिंत, अशी सोपी विभागणी जे करतात त्यांना मी नेहमी हे चित्र दाखवतो.

ती मुलगी खरंच कशाने बरी झाली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण कुणीतरी विचारणारच. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वर्णनावरून निदान करण्यात मला रस नाही. चित्राच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की ती, मेर आन्येस आणि तिचा बाप, तिघांचाही त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि चित्रकाराने तो विश्वास नाटक न करता रंगवला.

पुन्हा पॅरिसला जाणं झालं तर तीन गोष्टी करा. लूव्रमध्ये मोनालिसाच्या गर्दीतून सुटका करून घेऊन सकाळी आधी वरच्या मजल्यावरच्या फ्रेंच चित्रांच्या दालनात जा, तिथे बहुतेक वेळा कुणी नसतं, चित्रासमोर थोडं मागे उभे राहा म्हणजे तिरीप दिसेल, जवळ गेलात की ती विरघळते. शहराच्या दक्षिणेला पोर-रॉयाल नावाचं रेल्वे स्टेशनच आहे, त्याच्या शेजारी पॅरिसच्या मठाची जुनी इमारत अजून उभी आहे, क्रांतीत तुरुंग आणि नंतर प्रसूतिगृह झालं तिचं. आणि एक दिवस मोकळा असेल तर सेंत-लाझार स्टेशनवरून ट्रेन पकडून काँला जा, साधारण दोन तास लागतात, तिथे किल्ल्याच्या आवारात म्युझियम आहे आणि त्यात तो मुकुट पुढे करणारा राजा. जायच्या आधी ते चित्र दालनात लावलेलं आहे का एवढं त्यांच्या वेबसाईटवर बघून घ्या, मोठी चित्रं कधी प्रदर्शनाला कधी आमच्यासारख्यांकडे दुरुस्तीला गेलेली असतात.